बंद मुठीतील कवड्या आणि एकोणचाळीस अंकी मूळ संख्या



मागच्या व्याख्यानात आपण 'माहीत असणे म्हणजे काय' या प्रश्नापाशी थांबलो होतो. बोलण्याच्या ओघात आम्ही एक उदाहरण दिले होते. म्हटले होते, की उद्या सूर्य उगवेल हे आपण फार तर खात्रीने मानतो, पण दोनचा एकशे सत्ताविसावा घात वजा एक ही संख्या मूळ आहे हे आपल्याला निश्चितपणे माहीत असते. व्याख्यान संपल्यावर मागच्या रांगेतून एक बाई उठल्या आणि त्यांनी विचारले, "सर, बाकी सगळं राहू द्या. ती संख्या मूळ आहे हे तुम्हाला कसं माहीत? तुम्ही तपासलंत का?"

आम्ही तपासले नव्हते. तीस-पस्तीस वर्षे वर्गात हे उदाहरण आम्ही निश्चित ज्ञानाचा नमुना म्हणून देत आलो, आणि ते निव्वळ पुस्तकात वाचलेले होते. तेव्हा आम्ही काहीतरी गोलगोल उत्तर दिले. त्या प्रश्नाने पंधरा दिवस झोप उडवली असे म्हणणार नाही, पण वही मात्र काढायला लावली. आजचे व्याख्यान म्हणजे त्या बाईंना दिलेले उशिराचे उत्तर आहे.

संख्या कोणती?

छापताना ही संख्या २^१२७ − १ अशी दिसेल. दोनला दोनने गुणत जायचे, एकूण एकशे सत्तावीस दोन एकमेकांना गुणायचे, आणि उत्तरातून एक काढायचा. पूर्ण लिहिली तर ती अशी होते:

१७० १४१ १८३ ४६० ४६९ २३१ ७३१ ६८७ ३०३ ७१५ ८८४ १०५ ७२७

एकोणचाळीस अंक. आपल्याकडे मोजणी परार्धापर्यंत जाते, म्हणजे एकावर सतरा शून्ये. परार्धाला परार्धाने गुणा, आलेल्या उत्तराला आणखी सुमारे सतरा हजारांनी गुणा, तेव्हा आपण हिच्या आसपास पोहोचतो.

मूळ संख्या म्हणजे काय हे शाळेत सगळ्यांनी शिकलेले आहे. एक आणि ती स्वतः, एवढ्यांनीच जिला भाग जातो ती. २, ३, ५, ७, ११ वगैरे. आता 'दोनचा घात वजा एक' या साच्यातल्या संख्या बघा. घातांक २ घेतला तर ३. घातांक ३ घेतला तर ७. घातांक ५, तर ३१. घातांक ७, तर १२७. सगळ्या मूळ. घातांक ६ घेतला तर ६३, ती मूळ नाही; कारण ६ ला २ आणि ३ ने भाग जातो, आणि त्यामुळे ६३ ला अनुक्रमे ३ आणि ७ ने भाग जातोच. म्हणजे घातांक मूळ हवा, हे नक्की. पण घातांक मूळ असला की काम झाले का? नाही. घातांक ११ घ्या. २०४७ येते, आणि २०४७ म्हणजे २३ गुणिले ८९.

या साच्यातल्या संख्यांना मर्सेनचे नाव मिळाले. मारँ मर्सेन हा फ्रान्समधला एक धर्मोपदेशक. त्याने १६४४ साली छापलेल्या ग्रंथात सांगितले, की २५७ पर्यंतच्या घातांकांपैकी फक्त अकरा घातांक मूळ संख्या देतात: २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७ आणि २५७. पुढे अडीच-तीनशे वर्षे ही यादी तपासली गेली. ६७ आणि २५७ चूक निघाले. ६१, ८९ आणि १०७ त्याने सोडून दिले होते, ते यादीत हवे होते. पाच चुका. पण १२७ मात्र बरोबर होता.

मुठीतल्या कवड्या

आता तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी इथे थांबतो. मर्सेन म्हणाला १२७, आणि १२७ खरे निघाले. मग मर्सेनला ते 'माहीत' होते का?

बाराव्या शतकातल्या श्रीहर्षाने 'खण्डनखण्डखाद्य' या ग्रंथात एक उदाहरण घेतले आहे. एकाने मुठीत कवड्या झाकल्या आहेत. तो दुसऱ्याला विचारतो, किती? दुसरा म्हणतो, पाच. मूठ उघडली, तर खरोखर पाच. सांगणाऱ्याचे मत यथार्थ आहे, वस्तुस्थितीशी जुळते. पण त्याला कोणी ज्ञान म्हणेल का? आपल्याकडे यासाठी घुणाक्षरन्याय असा शब्दच आहे. किड्याने लाकूड पोखरले आणि योगायोगाने अक्षर उमटले, म्हणून किडा साक्षर होत नाही. पाश्चात्त्य तत्त्वज्ञानात हीच अडचण एडमंड गेटिए यांनी १९६३ साली एका तीन पानी लेखात मांडली आणि त्यावर अजून लिहिले जाते आहे.

मर्सेनच्या यादीत पाच चुका आहेत, म्हणजे त्याची रीत विश्वासार्ह नव्हती. तेव्हा १२७ हा त्याच्या बंद मुठीतल्या कवड्यांचा अंदाज होता. हे आपण सहज मान्य करतो. पण मग आमचे काय? आम्ही तरी पुस्तकात वाचून 'पाच' म्हणत होतो. आमच्यात आणि मर्सेनमध्ये फरक काय, हा बाईंचा खरा प्रश्न होता.

भागाकाराने का जमत नाही?

सरळ मार्ग असा, की भागून बघावे. एखादी संख्या मूळ नसेल, तर तिच्या वर्गमुळाहून मोठा नसलेला एखादा अवयव तिला असतोच. आपल्या संख्येचे वर्गमूळ साधारण १३ वर अठरा शून्ये एवढे आहे. दर सेकंदाला एक भागाकार केला तर सगळे संपायला एक्केचाळीस हजार कोटी वर्षे लागतील. विश्वाचे वय सुमारे १३८० कोटी वर्षे मानतात.

थोडी शहाणपणाची वाट आहे. या साच्यातल्या संख्येला अवयव असलाच, तर त्यातला प्रत्येक मूळ अवयव 'घातांकाच्या दुपटीचा कोणतातरी पट, अधिक एक' अशाच रूपाचा असतो. २०४७ मध्ये घातांक ११, दुप्पट २२; आणि २३ म्हणजे २२ अधिक १, ८९ म्हणजे ८८ अधिक १. बघा, जुळते. आपल्या संख्येसाठी दुप्पट २५४. म्हणजे २५४ पैकी एकच भागाकार करायचा. तरीही १६० कोटी वर्षे उरतात. तेव्हा ही वाट बंद.

ल्युकाची रीत

१८७६ साली एदुआर ल्युका या फ्रेंच गणितज्ञाने वेगळीच वाट काढली. हा तोच ल्युका, ज्याने 'टॉवर ऑफ हनोई' हे कोडे १८८३ मध्ये बाजारात आणले. त्या कोड्याबरोबर काशीच्या देवळातल्या चौसष्ट सोन्याच्या चकत्यांची एक कल्पित गोष्टही जोडलेली होती. गंमत म्हणजे त्या कोड्यात चकत्या जितक्या, तितक्या घातांकाची मर्सेन संख्या म्हणजे लागणाऱ्या चालींची संख्या. एकशे सत्तावीस चकत्या घेतल्या तर चाली किती? आपलीच संख्या.

ल्युकाची रीत पुढे डी. एच. लेहमर यांनी १९३० च्या सुमारास सुटसुटीत केली. त्या रूपात ती अशी आहे. ४ पासून सुरुवात करा. वर्ग करा, दोन वजा करा. आलेल्या संख्येला आपल्या मर्सेन संख्येने भागा आणि फक्त बाकी ठेवा. पुन्हा वर्ग, पुन्हा वजा दोन, पुन्हा बाकी. घातांकापेक्षा दोन कमी इतक्या पायऱ्या करा. शेवटी शून्य उरले तर संख्या मूळ. नाही उरले तर मूळ नाही.

घातांक ५ साठी करून बघू. संख्या ३१, पायऱ्या तीन. ४ चा वर्ग १६, वजा २, १४. १४ चा वर्ग १९६, वजा २, १९४. ३१ ने भागून बाकी ८. ८ चा वर्ग ६४, वजा २, ६२. ३१ ने भागून बाकी शून्य. म्हणजे ३१ मूळ.

हे चालते का, याची कल्पना थोडक्यात सांगतो, नाहीतर तीही 'पुस्तकात आहे' म्हणून सोडून दिल्यासारखी होईल. ४ ही बेरीज आहे (२ + √३) आणि (२ − √३) यांची. या दोघांचा गुणाकार बरोबर १ येतो. म्हणून बेरजेचा वर्ग करून दोन वजा केले, की त्यांच्या वर्गांची बेरीज हाती येते. म्हणजे आपण दर पायरीला २ + √३ चा घात दुप्पट करत चाललो आहोत, एवढेच.

आता धरा की आपल्या संख्येला एक मूळ अवयव आहे, वर्गमुळाहून मोठा नसलेला. त्याला 'क' म्हणू. सगळा हिशेब क ने भागून उरणाऱ्या बाक्यांत करू. 'अ + ब√३' अशा रूपाच्या संख्या या हिशेबात किती असतील? अ साठी क पर्याय, ब साठी क पर्याय, एकूण क गुणिले क. त्याहून जास्त नाहीत. आणि क गुणिले क हे आपल्या संख्येपेक्षा जास्त नाही. पण शेवटची बाकी शून्य आली, याचा अर्थ असा निघतो की २ + √३ चे पहिले २^१२७ घात सगळे एकमेकांहून वेगळे आहेत. घरे कमी आणि पाहुणे जास्त. हे शक्य नाही. म्हणून असा क नाहीच. संख्या मूळ.

उलट बाजू, म्हणजे संख्या मूळ असेल तर शून्य येतेच, हिला थोडे अधिक गणित लागते. पण 'शून्य आले म्हणून मूळ' हा आपल्याला हवा असलेला भाग एवढाच आहे. एका पानात मावतो. आणि एकशे सत्तावीससाठी पायऱ्या किती? एकशे पंचवीस. एक्केचाळीस हजार कोटी वर्षांऐवजी एकशे पंचवीस वर्ग आणि भागाकार. अर्थात एकोणचाळीस अंकी संख्यांचे, आणि हाताने. ल्युकाने त्यासाठी द्विमान पद्धतीत, बुद्धिबळाच्या पटासारख्या चौकटींवर सोंगट्या मांडून गुणाकार करण्याची युक्ती वापरली.

आमची वही

एवढे समजल्यावर आम्हाला वाटले, आपणही एक करून बघावे. १२७ झेपणारा नव्हता. घातांक १३ घेतला. संख्या ८१९१, पायऱ्या अकरा. संध्याकाळी चहा घेऊन बसलो. अकरावी पायरी झाली आणि बाकी शून्य आली नाही. चार हजार काहीतरी उरले.

मंडळी, आता नीट लक्ष द्या, कारण मुद्दा इथे आहे. आम्ही 'अरेच्या, ८१९१ मूळ नाही तर!' असे म्हटले नाही. आम्ही म्हटले, 'कुठेतरी चुकलो.' का? हाती सिद्ध झालेली रीत होती, समोर तिचे उत्तर होते, आणि तरी आम्ही उत्तर नाकारले. हा हट्ट होता का?

खात्री करायला दुसरी वाट धरली. ८१९१ चे वर्गमूळ ९० च्या थोडे पुढे. अवयव असला तर तो २६ चा पट अधिक १ असणार. नव्वदपर्यंत अशा मूळ संख्या फक्त दोन, ५३ आणि ७९. ५३ ने भागले, बाकी २९. ७९ ने भागले, बाकी ५४. संपले. ८१९१ मूळ आहे. दोन भागाकारांत. म्हणजे चूक आमचीच.

दुसऱ्या दिवशी पुन्हा बसलो. १४, १९४, ४८७०, ३९५३, ५९७०, १८५७, ३६, १२९४, ३४७०, १२८. पाचव्या पायरीला वजाबाकी चुकली होती ती सापडली. आणि शेवटची पायरी: १२८ चा वर्ग १६३८४, वजा २, १६३८२. ८१९१ ची बरोबर दुप्पट. बाकी शून्य. सत्तरी ओलांडलेल्या माणसाने एका शून्यासाठी एवढे खूश व्हावे का, असे घरच्यांनी विचारले. व्हावे.

या दोन संध्याकाळींनी एक गोष्ट शिकवली. या रीतीत चूक आणि यश एकाच तोलाचे नसतात. हिशेब चुकला की कुठलीतरी भलतीच बाकी उरते, जशी आमची उरली. पण चुकलेल्या हिशेबातून नेमके शून्यच उरावे, हा संभव साधारण आठ हजारांत एक. आपल्या मोठ्या संख्येच्या बाबतीत तर एकावर अडतीस शून्ये एवढ्यांत एक. म्हणजे शून्य आलेच, तर ते घुणाक्षर असण्याला जवळजवळ जागा नाही. इथे किड्याने एक अक्षर उमटवले नाही, अख्खी ज्ञानेश्वरी कोरली असे म्हणावे लागेल. मर्सेनच्या 'पाच' मध्ये आणि ल्युकाच्या शून्यात हा फरक आहे. पहिले चुकू शकत होते आणि पाच ठिकाणी चुकलेही. दुसरे चुकले असते तर ते असे दिसलेच नसते.

उलट 'मूळ नाही' या उत्तराकडे जास्त संशयाने पाहावे लागते. ल्युकाने त्याच सुमारास दाखवले होते, की घातांक ६७ ची संख्या मूळ नाही. पण अवयव कोणते, ते त्याच्या रीतीतून कळत नव्हते. ते १९०३ च्या ऑक्टोबरमध्ये कळले. अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या बैठकीत फ्रँक नेल्सन कोल यांनी फळ्यावर १९३,७०७,७२१ गुणिले ७६१,८३८,२५७,२८७ हा गुणाकार करून दाखवला. उत्तर बरोबर २^६७ − १. शब्दही न बोलता ते जागेवर जाऊन बसले, असे सांगतात. बोलायची गरजच नव्हती. मूठ उघडली होती.

मग आम्हाला माहीत होते का?

२^१२७ − १ ही पंचाहत्तर वर्षे, १९५१ पर्यंत, माणसाला माहीत असलेली सर्वांत मोठी मूळ संख्या होती. १९५२ मध्ये संगणक या कामाला लागला आणि ५२१, ६०७ हे घातांक एकाच दिवशी सापडले. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये जाहीर झालेली संख्या १३,६२,७९,८४१ या घातांकाची आहे. तिला ४ कोटी १० लाख २४ हजार ३२० अंक आहेत. ती ल्यूक ड्युरँट यांनी शोधली आणि ल्युकाच्याच रीतीने पक्की केली गेली. रीत तीच, फक्त पायऱ्या साडेतेरा कोटींहून जास्त. त्या कोणीही माणूस वाचणार नाही.

आमच्या नातवाने एकशे पंचवीस पायऱ्यांचा हिशेब संगणकाला घातला. पापणी लवायच्या आत पडद्यावर शून्य आले. खरे सांगायचे तर ८१९१ च्या वेळचा आनंद झाला नाही. ते यंत्राचे शून्य होते. आमच्यासाठी ते शब्दप्रमाणच, फक्त आप्त बदलला.

तर बाईंना उत्तर असे. ८१९१ मूळ आहे हे आम्हाला आमच्या अनुमानाने माहीत आहे. २^१२७ − १ मूळ आहे हे शब्दप्रमाणाने. पण आम्ही वर्गात सांगत होतो तेव्हा? तेव्हा आम्हाला रीतही ठाऊक नव्हती आणि कोणी कसे तपासले हेही ठाऊक नव्हते. आमचे मत खरे होते. ज्ञान म्हणायला आम्ही धजणार नाही. निदान त्याला निश्चित ज्ञानाचा नमुना म्हणून मिरवायला नको होते. शब्दावर विसंबणे यात कमीपणा नाही. आपले बहुतेक ज्ञान तसेच असते. पण कोणाच्या शब्दावर आणि का, हे विचारल्यावर सांगता आले पाहिजे. आज ते सांगता येते.

शेवटी एक न सुटलेली गोष्ट. २ घातांक घेतला, ३ आली. ३ घातांक घेतला, ७ आली. ७ घेतला, १२७ आली. १२७ घेतला, आपली संख्या आली. सगळ्या मूळ. मग आपली संख्याच घातांक म्हणून घेतली तर? चार वेळा धूर दिसला, पाचव्यांदा अग्नी आहे असे म्हणावे का? व्याप्ती इतकी स्वस्त नसते. ८१९१ मूळ आहे, पण ८१९१ हा घातांक घेतला तर येणारी संख्या मूळ नाही, हे १९५३ साली दिसून आले. आणि या साखळीतल्या पुढच्या संख्येचे नुसते अंकच पाचावर सदतीस शून्ये एवढे आहेत. ल्युकाची रीत तिथे पोहोचणार नाही. उद्या कोणाला एखादा लहानसा अवयव सापडला तर ती मूळ नसल्याचे एका भागाकारात कळेल. पण ती मूळ असेल तर? तर बहुधा कोणालाच कधी कळणार नाही.

ती मूठ कायमची बंद राहिली, तरी आत कवड्या ठरलेल्याच आहेत असे म्हणायचे का? ब्राउअर नावाचा डच गणितज्ञ म्हणायचा, की जे सिद्ध करण्याची रीत आपल्या हाती नाही, त्याबद्दल 'हे तरी किंवा ते तरी' असे आधीच म्हणू नये. आम्हाला स्वतःला वाटते, की कवड्या आत आहेत. पण का वाटते, हे विचारलेत तर पुन्हा वही काढावी लागेल. पुढच्या वेळी तिथूनच सुरू करू. मागच्या रांगेतल्या बाईंनी जरूर यावे.